करंजा–रेवस तरीसाठी ६० प्रवाशांची लोखंडी लाँच : बांधणीच्या नोंदी

आम्ही सहा जणांनी मिळून धरमतर खाडीच्या मुखावरील करंजा ते रेवस या तरीसाठी, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या प्रवासी फेरीसाठी, एक नवी लाँच बांधली. आमच्याकडच्या जुन्या लाँचा लाकडी होत्या आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर त्यांच्या फळ्या बदलण्यातच कमाई संपत असे, म्हणून या वेळी लोखंडाची निवड केली. कामावर देखरेख माझ्याकडे होती. जे चुकले ते त्याच दिवशी वहीत लिहिण्याचा नियम मी पाळला आणि त्या वहीतील निवडक नोंदी, नंतर उमगले ते त्यांत जोडून, येथे देत आहे. आमच्यासारखा, मोठे यार्ड हाताशी नसलेला कोणी हे काम अंगावर घेत असेल, तर त्याचे काही दिवस आणि काही पैसे वाचावेत, अशी मनापासून इच्छा आहे.

१४ ऑक्टोबर २०२४

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी कणा, म्हणजे लाँचचा तळाचा मुख्य आधार, ठेवला. लांबी १५ मीटर, रुंदी ४.२ मीटर, खोली १.८ मीटर, तळाला ८ मिलिमीटर आणि बाजूंना ५ मिलिमीटर जाडीचा पत्रा, १२० अश्वशक्तीचे एक इंजिन, ६० प्रवासी आणि चार खलाशी, असा आराखडा नौका-स्थापत्यकाराकडून करून घेतला आहे. जागा करंजाच्या किनाऱ्यावर, उधाणाच्या पाण्याच्या रेषेपासून साधारण ११ मीटर वर भाड्याने घेतली.

जागा निवडताना रस्ता, वीज आणि सावली पाहिली. समोरची चिखलवट किती खोल आहे, हे मात्र कोणी बांबू खुपसूनही पाहिले नाही. त्याची किंमत मार्चमध्ये मोजावी लागली.

९ नोव्हेंबर

फ्रेम, म्हणजे लाँचच्या बरगड्या, उभ्या राहिल्या. बाजूंसाठी लागणारा ५ मिलिमीटरचा पत्रा व्यापाऱ्याकडे नव्हता आणि तो येण्यास तीन आठवडे लागतील, असे सांगण्यात आले. ६ मिलिमीटरचा तयार होता, तो घेतला. जाड पत्रा म्हणजे जास्त मजबुती, असे सर्वांनाच वाटले आणि मलाही वाटले. एक चौरस मीटरला एक मिलिमीटर जाडी वाढली की पावणेआठ किलोंहून थोडे अधिक वजन वाढते; आमच्या बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर आहे. हा गुणाकार त्या दिवशी वहीत लिहायला हवा होता आणि तो मी लिहिला नाही. स्थापत्यकाराला फोन करून विचारलेही नाही.

२७ नोव्हेंबर

उजव्या बाजूचे पत्रे लाटेसारखे उठले. वेल्डरने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरुवात करून मागच्या टोकापर्यंत एकसलग शिवण (वेल्डिंगचा जोड) मारली होती आणि दोन फ्रेमच्या मध्ये पत्रा १४ मिलिमीटरपर्यंत बाहेर आला. शिवण मध्यापासून दोन्हीकडे, थोडे अंतर सोडून, उलट दिशेने तुकड्यातुकड्याने मारावयाची असते, हे वेल्डरला ठाऊक होते; पण दिवसाला किती मीटर शिवण झाली यावर मी मजुरी ठरवली होती, त्यामुळे त्याने सर्वांत वेगाची पद्धत धरली. दोष त्याचा नसून माझ्या दराचा होता.

अकरा मीटर शिवण कापून काढली, पत्रा ज्वालेने पट्ट्यापट्ट्यांत तापवून आणि पाणी मारून बसवला, पुन्हा जोडला. यात नऊ दिवस गेले आणि ₹६२,००० जास्तीचे लागले. आजपासून मजुरी रोजावर दिली जाते. शिवाय इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) ठेवण्यासाठी एक लहान भट्टी विकत घेतली, कारण खाडीकाठच्या दमट हवेत उघडे राहिलेले इलेक्ट्रोड ओल धरतात आणि शिवणीत बारीक छिद्रे पडतात.

२० डिसेंबर

परवा, १८ तारखेला, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नाव आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. काल दिवसभर कामावर कोणी फारसे बोलत नव्हते. आमच्यापैकी प्रत्येकाचे कोणी ना कोणी त्या बंदरात लाँचवर काम करते.

आज सकाळी जमून आराखड्यातील लाइफ जॅकेटची जागा बदलली. ती मागच्या बाजूला एका पेटीत ठेवण्याचे ठरले होते. पेटी म्हटली की झाकण आले, झाकण आले की कुलूप येते, आणि कुलूप आले की किल्ली एका खलाशाच्या खिशात राहते. आता प्रत्येक बाकाखाली उघडी जाळी करून बसणाऱ्याचे जॅकेट त्याच्या पायाशी राहील आणि लहान मुलांची जॅकेटे वेगळ्या रंगाची, चढण्याच्या दाराजवळ असतील. जाळ्यांना ₹२१,००० लागतील. यावर कोणीही चर्चा केली नाही.

६ जानेवारी २०२५

शिवणींची गळती तपासली. आतून शिवणीवर खडूची पातळ लेप दिली, ती वाळू दिली आणि बाहेरून रॉकेलचा फडका फिरवला. जिथे छिद्र असते तिथे अर्ध्या तासात पांढऱ्यावर तेलकट डाग उमटतो. तीन ठिकाणी डाग उमटले, त्यांपैकी दोन सुकाणूच्या नळीभोवती, जिथे वेल्डरचा हात नीट पोहोचत नाही. ज्या जागी हात पोहोचत नाही त्या जागा आधी तपासाव्यात. हे काम रंगाच्या आधीच करावे लागते, कारण रंग बारीक छिद्र काही महिने झाकून ठेवतो.

२४ जानेवारी

रंग सोलून निघाला. लोखंड ग्रिट (खरखरीत कण) मारून पांढरे केले होते आणि प्रायमरचा पहिला थर व्यवस्थित बसला होता. दुसरा थर संध्याकाळी सहा वाजता दिला, रात्री दव पडले आणि सकाळी रंगावर पांढुरकी, चिकट साय दिसली. ती न धुताच तिसरा थर चढवला. आज तो नखाने निघतो आहे. सगळे गोड्या पाण्याने घासून, पॉलिश पेपर मारून पुन्हा रंगवावे लागेल : पाच दिवस आणि ₹३८,०००. यापुढे रंगकाम सकाळी दहा ते दुपारी साडेतीन या वेळेतच होईल. पत्रा हाताला गार लागत असेल, तर ब्रश उचलावयाचा नाही.

१८ फेब्रुवारी

छपराचा निर्णय घेतला आणि या संपूर्ण कामातील सर्वांत मोठी चूक ती हीच.

आराखड्यात छप्पर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर फायबरचे पत्रे असे होते. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करणारा कारागीर तीन आठवडे मोकळा नव्हता. होळीच्या पौर्णिमेच्या उधाणावर लाँच पाण्यात ढकलावयाची, हे आम्ही मनात पक्के केले होते, म्हणून ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा आणि लोखंडी अँगल वापरून चार दिवसांत छप्पर उभे केले. ते भक्कम दिसते, खाली उभे राहिले की सावली दाट पडते, आणि सर्वांना आवडले. बाकेही त्याच वेळी जाड अँगलची आणि सागाच्या फळ्यांची केली, कठड्याला जड नळी वापरली.

चाळीस वर्षे या खाडीत लाँच चालवलेले आमचे एक सारंग, ज्यांना सगळे मामा म्हणतात, संध्याकाळी येऊन खाली बराच वेळ उभे राहिले. वर फार लोखंड चढले आहे, एवढेच ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की तळही ८ मिलिमीटरचा आहे, तो वजन तोलून धरील. त्यांनी वाद घातला नाही. वयाने आणि अनुभवाने मोठा माणूस वाद घालत नाही, याचा अर्थ त्याला पटले असा नसतो. त्या संध्याकाळी मला हे कळायला हवे होते.

१० मार्च

इंजिन, गिअरबॉक्स आणि शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) बसले. तळावर जस्ताच्या आठ वड्या बोल्टने लावल्या आहेत. खाऱ्या पाण्यात लोखंडाऐवजी त्या झिजाव्यात, हे त्यांचे काम. आज सकाळी पाहिले तर रंगाऱ्याने नीटनेटकेपणा म्हणून त्यांच्यावरही रंग मारला होता. रंगवलेली वडी झिजत नाही आणि मग तळ झिजतो. सगळ्या खरवडून काढल्या. रंगाऱ्याला वड्या कशासाठी आहेत हे कोणीच सांगितले नव्हते.

१५ मार्च

आज लाँच पाण्यात गेली नाही.

मुंबई बंदरात उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि भांगाची, म्हणजे लहान पाण्याची, ३.३ मीटरपर्यंत. हा एक मीटरचा फरकच आमच्यासारख्यांचा तराफा आणि आमची क्रेन. पौर्णिमा काल झाली आणि मोठे पाणी आज-उद्याचे, म्हणून दुपारच्या भरतीवर काम ठरवले. द्रोणागिरी देवीला नारळ ठेवून सकाळी साडेनऊला लोखंडी गाडा सोडला. पहिले नऊ मीटर तो सुरळीत उतरला. दहाव्या मीटरला पुढची चाके चिखलात बसू लागली आणि पाहता पाहता आसापर्यंत गेली. दोन जेसीबी लावले. एकाची साखळी तुटली, दुसरा स्वतःच घसरू लागला. पाणी आले, मागच्या टोकाला गुडघाभर लागले, थोडा वेळ थांबले आणि परतले. लाँच एका बाजूला तीन अंश कलून तशीच उभी राहिली.

रात्रीच्या भरतीपूर्वी चारही कोपऱ्यांना टेकू देऊन तिला स्थिर केले, आणि दहा-बारा जण पहाटेपर्यंत जागे राहिले. बांबू खुपसून पाहिला तेव्हा चिखल १.३ मीटर खोल निघाला. ऑक्टोबरमध्ये हे दहा मिनिटांचे काम होते. आजचा खर्च, जेसीबी, साखळी आणि मजुरी धरून, ₹७४,०००. आणि पुढचे उधाण पंधरा दिवसांनी.

३१ मार्च

परवा अमावास्या, काल गुढीपाडवा आणि आज दुपारी लाँच पाण्यात.

मधल्या पंधरा दिवसांत केलेले काम असे. प्रत्येक ओहोटीला मिळणाऱ्या तीन-साडेतीन तासांत लाँचच्या पुढे ३ मीटर रुंद आणि २० मीटर लांब पट्टा खणला, त्यात मोठा दगड आणि त्यावर खडी दाबली, वर जाड लोखंडी पत्रे अंथरले. गाडा काढून टाकला आणि लाँचखाली घालण्यासाठी हवेच्या रबरी पिशव्या भाड्याने आणल्या. पिशव्यांचे दोन दिवसांचे भाडे आणि त्यांच्यासोबतच्या दोन कारागिरांची मजुरी ₹९०,००० झाली, दगड-खडी ₹५५,०००. पिशव्यांची हवा कमी-जास्त करून लाँच अक्षरशः बोटाने ढकलल्यासारखी पुढे जात होती; मागून धरून ठेवणारी विंच (दोर गुंडाळणारे यंत्र) मात्र सैल पडता कामा नये, तिच्यावर एकच माणूस आणि त्याला आज्ञा देणाराही एकच असावा. मामांनी तो अधिकार स्वतःकडे घेतला आणि किनाऱ्यावर जमलेल्या दोनशे लोकांना गप्प बसवले.

तरंगल्यावर सर्वांत आधी इंजिनखाली उतरून शाफ्टच्या नळीची गळती पाहिली : मिनिटाला चार-पाच थेंब, तेवढे हवेच असतात. बाहेर गुलाल उधळला जात होता. मी होडीतून नाळेवरचे आणि मागचे पाण्याच्या खोलीचे आकडे वाचले. आराखड्यापेक्षा लाँच पुढे ३ सेंटिमीटर आणि मागे ७ सेंटिमीटर जास्त बुडाली होती. या आकाराच्या लाँचला एक सेंटिमीटर बुडण्यास सुमारे ४५० किलो लागतात. म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास वजन असे होते, जे आम्ही कुठेही लिहून ठेवलेले नव्हते.

३ एप्रिल

शाफ्टची रेषा किनाऱ्यावर जुळवली होती, ती पाण्यात ०.४ मिलिमीटरने हलली. पाण्याचा आधार मिळाल्यावर तळ आपला आकार थोडा बदलतो. दोन दिवस तरंगू देऊन आज पुन्हा जुळवली.

८ एप्रिल

आज कलचाचणी झाली. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी : शांत पाण्यात, दोर सैल सोडून, ठरावीक वजन एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायचे आणि लाँच किती कलते ते ओळंब्याने मोजायचे. जितकी जास्त कलेल तितका तिचा तोल कच्चा. आम्ही वाळूची ४०० किलो वजनाची पोती ३ मीटर हलवली. दोन मीटर लांबीचा ओळंबा तेलाच्या बादलीत सोडला होता, म्हणजे तो हेलकावत नाही. आराखड्याप्रमाणे तो ६४ मिलिमीटर सरकायला हवा होता. तो ७५ मिलिमीटर सरकला. तीनदा पोती हलवली, तीनदा तेच.

स्थापत्यकाराने तिथेच बसून गणित केले. साठही प्रवासी एका काठाला जमले तर लाँच किती कलेल, हा खरा प्रश्न. मर्यादा १० अंशांची धरली होती, आराखड्यात ९ अंश येत होते, आणि आमची प्रत्यक्षातली लाँच १०.४ अंश कलणार होती. शिवाय ती ५ सेंटिमीटर जास्त बुडालेली असल्यामुळे काठ आधीच पाण्याच्या जवळ आला होता.

अर्ध्या अंशाने काय होते, असे आमच्यातील एक जण म्हणाला. करंजाच्या धक्क्याला लाँच लागते तेव्हा पाहावे : दोर बांधण्यापूर्वीच सगळे उठून धक्क्याच्या बाजूला येतात, टोपल्यांसह, मुलांसह. साठ जण एका काठाला, ही आमच्या तरीवर कल्पना नसून दिवसातून पंधरा वेळा घडणारी गोष्ट आहे. आणि हा रेवसचा मार्ग आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेने बोट कलल्यावर माणसे एका बाजूला गेली आणि ती सावरलीच नाही, हे आमच्या घराघरांत आजही सांगितले जाते. माझ्या आजीच्या माहेरची दोन माणसे त्यात होती. मी यावर सही करणार नव्हतो.

तीन मार्ग होते. तळात दीड टन सिमेंट किंवा लोखंडी ठोकळे घालणे सर्वांत स्वस्त. पण त्याने लाँच आणखी तीन-साडेतीन सेंटिमीटर बुडेल, काठ आणखी खाली येईल आणि ओहोटीला रेवसच्या गाळात आधीच अडकणाऱ्या लाँचांत आणखी एकीची भर पडेल. प्रवासी पन्नासवर आणणे सोपे, पण त्या आकड्यावर कर्जाचा हप्ता निघत नाही, आणि हप्ता निघत नसला की दहा जण कधी ना कधी जास्तीचे चढवले जातात. तिसरा मार्ग, वर चढवलेले लोखंड उतरवणे. तोच घेतला.

संध्याकाळी बसून प्रथमच वजनांची यादी केली. बाजूंचा जाड पत्रा ५५० किलो, तो आता निघणार नाही आणि फार वरही नाही. छप्पर ६०० किलो जास्त, बाके ३००, कठडे २००. उरलेले साडेपाचशे किलो शिवणी, रंग, काठाची जड नळी, टायर आणि जमिनीला उतार देण्यासाठी ओतलेले सिमेंट यांत विखुरलेले.

२ मे

छप्पर कापून उतरवले. कापताना ठिणग्यांनी खालचा रंग तीन ठिकाणी जळला. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि फायबरचे पत्रे, म्हणजे मूळ आराखड्यात होते तेच, बसवले. बाके हलक्या नळीची आणि फायबरच्या आसनांची केली, कठडे बदलले. प्रत्येक वस्तू वर चढण्यापूर्वी आणि प्रत्येक उतरलेली वस्तू भंगारात जाण्यापूर्वी काट्यावर मोजली. काटा भाड्याचा, दिवसाला ₹४००. एकूण ११०० किलो कमी झाले. खर्च ₹२,८५,०००, भंगाराचे ₹३६,००० परत आले, आणि चोवीस दिवस गेले. फेब्रुवारीत ॲल्युमिनियमच्या कारागिरासाठी तीन आठवडे थांबलो असतो, तर हे दोन्ही वाचले असते.

५ मे

दुसरी कलचाचणी. तीच पोती, तोच ओळंबा : ७० मिलिमीटर. साठ प्रवासी एका काठाला धरून ९.५ अंश. स्थापत्यकाराने साठांना मान्यता दिली.

नाळेवरच्या मोकळ्या जागेत दुचाकी घ्याव्यात, ही मागणी पहिल्या दिवसापासून आहे आणि तिच्यात उत्पन्नही आहे. दहा दुचाकींचे वजन एक टनाहून अधिक होते. तूर्त एकही घ्यावयाची नाही, असे ठरले आणि तसे फलकावर लिहिले. दोन भागीदार अजून नाराज आहेत.

१७ मे

तपासणी, नोंदणी आणि प्रमाणपत्र पूर्ण झाल्यावर आज पहिली फेरी झाली. ५८ लाखांचा अंदाज ७१ लाखांवर गेला. त्यातील वर मोजलेल्या चुकांचे साधारण सहा लाख, बाकी इंजिनाची किंमत आणि तपासण्या. रेवसला लाँच लागताच नेहमीप्रमाणे सगळे एका बाजूला आले. मामा सुकाणूवर होते. मी मागे उभा राहून दुसऱ्या काठाकडे पाहत होतो. ती कलली, थांबली आणि माणसे उतरू लागली तशी हळूहळू सरळ झाली. मामांनी मागे वळून एकदा मान हलवली.

२६ मे

मोसमी पाऊस इतक्या लवकर मुंबईत गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता. चार दिवसांपासून खाडीत वारा आहे, आणि आमचा परवाना पावसाळा सोडून आहे, म्हणून नऊच दिवसांनी लाँच आत, सुरक्षित जागी बांधली. बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, ४ सेंटिमीटर पाणी आहे, ते शाफ्टच्या नळीचे. पंप रोज सकाळी दहा मिनिटे चालवला जाईल. मागची एक जस्ताची वडी अपेक्षेपेक्षा जास्त झिजली आहे, तिथे बॅटरीची तार कुठेतरी तळाला टेकत असावी. सप्टेंबरच्या आधी ती शोधणे बाकी आहे.